दिसत नाही म्हणतो, मग मोबाईल कसा बघतो?

तालुक्याच्या ठिकाणी एका अनुदानित महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या आणि रासेयोचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, काम बघणाऱ्या प्राध्यापक बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या द्वितीय वर्ष बी.ए.च्या वर्गात अल्पदृष्टी असलेले दोघे जण आहेत. मुलाला स्टारगार्ट हा आजार आहे, मुलीला रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी. जुलैमध्ये बाईंनी वर्गाला विश्वासात घेऊन सांगितलं तेव्हा मुलं उत्साहानं पुढे आली. गणपती उठले आणि सगळं थंडावलं. आता दोन-चार जण उघड म्हणतात, ‘नाटक करतो तो, दिसत नाही तर मोबाईल कसा बघतो?’ तर मुलांची वृत्ती बदलण्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधण्याचा कार्यक्रम, एखादं व्याख्यान असं काही घ्यावं का?

बाई, पट्टीचा कार्यक्रम घेऊ नका. १५ ऑक्टोबरला पांढऱ्या काठीच्या दिनानिमित्त तो ठिकठिकाणी होतो, फोटो छान येतात, मुलं हळवी होऊन बाहेर पडतात. पण पट्टी बांधल्यावर पहिल्या दहा मिनिटांत माणसाला काय कळतं? भीती कळते, धडपड कळते. वर्षानुवर्षं तसं जगून कमावलेलं कसब कळत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एरिएल सिल्व्हरमन, ज्या स्वतः अंध आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. २०१५ साली छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा की पट्टीचा अनुभव घेतलेल्यांना अंध माणूस नोकरी करू शकेल, एकटा राहू शकेल, याचा भरवसा उलट कमी वाटायला लागला. कणव वाढली आणि विश्वास घटला. शिवाय तुमच्या दोघांपैकी कोणीही पट्टीच्या आतल्या अंधारात राहत नाही. त्यांचा प्रश्नच वेगळा आहे.

व्याख्यानाबद्दलही मला फारशी आशा नाही. मुलांच्या मनात माया नाही असं मला कधीच आढळलेलं नाही. ‘मदत कराल का?’ असं विचारलं की अख्खा वर्ग हात वर करतो. अडतं ते दोन ठिकाणी. नेमकं काय करायचं हे ठाऊक नसतं, आणि ते कोणी करायचं हे ठरलेलं नसतं. म्हणून मी वृत्ती बदलायच्या मागे लागत नाही. कामं ठरवून देते. काम हातात आलं की वृत्ती मागून येते, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

पण आधी ते ‘नाटक’ निस्तरायला हवं, कारण संशय असेल तिथे काम टिकत नाही. असं बोलणारी मुलं दुष्ट नसतात. त्यांच्या डोक्यात दोनच कप्पे असतात, दिसतं आणि दिसत नाही. काळा चष्मा, हातात काठी असा माणूस त्यांना समजतो. हा मुलगा मात्र मैदानात बिनधास्त फिरतो, मोबाईल नाकाला लावून का होईना रील बघतो, आणि फळ्यावरचं दिसत नाही म्हणतो. हे त्यांच्या कोणत्याच कप्प्यात बसत नाही.

अशा वेळी कायद्यातली व्याख्या फळ्यावर लिहून दाखवावी. तिचा चांगला उपयोग होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या परिशिष्टात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व दिलंय, त्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी वेगवेगळी आहेत. चांगल्यात चांगला चष्मा लावूनही बऱ्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी, पण ३/६० पर्यंत असेल, किंवा नजरेचं क्षेत्र ४० अंशांहून कमी, पण १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. त्याखाली अंधत्व. ६/६० म्हणजे इतरांना जे अक्षर साठ मीटरवरून वाचता येतं ते वाचायला याला सहा मीटरवर जावं लागतं. यातल्या ‘चष्मा लावूनही’ या शब्दांखाली जाड रेघ मारा. ‘अरे, नंबर बदलून घे ना’ हा फुकटचा सल्ला या मुलांनी पहिलीपासून ऐकलेला असतो.

आता तुमच्या वर्गात योगायोगानं जी जोडी आली आहे ती बघा. दोघांचं दिसणं एकमेकांच्या अगदी उलट आहे.

स्टारगार्टमध्ये डोळ्याच्या पडद्याचा मध्यबिंदू निकामी होत जातो, कडेची नजर शाबूत राहते. त्यामुळे हा मुलगा गर्दीतून धक्का न लागता चालेल, चेंडू येताना त्याला जाणवेल, पण ज्याच्याकडे रोखून बघेल तेच पुसलं जाईल. समोरच्याचा चेहरा, फळ्यावरचं अक्षर, एसटीची पाटी. म्हणून तो नजर थोडी बाजूला नेऊन बघतो. तुम्ही शिकवत असताना तो खिडकीकडे बघतोय असं वाटेल, आणि नेमका तेव्हाच तो तुमच्याकडे बघत असेल. मोबाईल त्याला दिसतो, कारण तो डोळ्यांपासून चार बोटांवर धरता येतो, अक्षर हवं तेवढं फुगवता येतं आणि पडदा काळा करून त्यावर पांढरी अक्षरं आणता येतात. फळ्याचं यातलं काहीच करता येत नाही. ‘मोबाईल कसा बघतो’ याचं उत्तर एवढंच आहे, आणि ते त्यानं स्वतः वर्गात मोबाईल हातात घेऊन दाखवलं तर पाच मिनिटांत विषय संपतो. त्याची तयारी असेल तरच, हे ओघानं आलंच.

मुलीचं उलट. आरपीमध्ये कडेची नजर आकसत जाते आणि अंधारात दिसणं सगळ्यात आधी जातं. ती पुस्तकातला बारीक टाइप वाचेल, पण पायाशी ठेवलेलं स्टूल तिला दिसणार नाही. सकाळी धडाधड जिना उतरेल आणि संध्याकाळी साडेसहाला एसटी स्टँडवर मैत्रिणीचा हात धरेल. पाहणाऱ्याला वाटतं, सकाळी बरं दिसत होतं! तिच्यासाठी कोणी मोठ्या मनानं नोट्स मोठ्या टाइपात छापून आणल्या तर तिची उलट पंचाईत होईल. नजरेच्या छोट्या खिडकीत आधीच चार शब्द मावतात, अक्षर मोठं केलं की दोनच मावतात. मोठा टाइप म्हणजे सगळ्या अल्पदृष्टीवाल्यांची सोय, असं समजणारे शिक्षकही पुष्कळ आहेत.

हे सगळं वर्गाला सांगायचं का, किती सांगायचं, आजाराचं नाव घ्यायचं का, हे ती दोघं ठरवतील. मुलीच्या बाबतीत विशेष जपा. आपल्याकडे घरचे लोक मुलीच्या डोळ्यांबद्दल बोलू देत नाहीत, कारण उद्या स्थळं बघायची असतात आणि कॉलेजातली गोष्ट गावात पोचायला वेळ लागत नाही. तिनं आजवर लपवलं असेल तर त्यामागे हे गणित असू शकतं. ‘तिला संध्याकाळी कमी दिसतं, सोबत हवी’ एवढं सांगूनही काम भागतं.

आणखी एक गैरसमज आहे, तो कोणी बोलून दाखवत नाही पण मैत्री तिथेच तुटते. कँटीनबाहेर कोणी हात हलवतं, हा मुलगा बघत नाही, पुढे निघून जातो. दोनदा असं झालं की शिक्का बसतो: शिष्ट आहे, भाव खातो. त्याला चेहरा दिसलेलाच नसतो. म्हणून वर्गाला मी पहिली सवय लावते ती नाव घेऊन बोलायची. ‘अरे, मी अमुक, चल चहाला.’ निघतानाही सांगायचं, नाहीतर तो बिचारा रिकाम्या जागेशी बोलत राहतो. आणि ‘ओळख बघू मी कोण?’ हा खेळ कायमचा बंद. प्रेमानं खेळतात, मान्य, पण रोज सकाळी सहा जणांनी घेतलेली ती तोंडी परीक्षा असते.

आता गणपतीनंतर थंडावण्याकडे येऊ. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की मदतीची गरज बघणारे जितके जास्त, तितकी एकेकाची जबाबदारीची जाणीव पातळ होते. तो प्रयोग आणीबाणीच्या प्रसंगाचा होता, पण वर्गात रोज तेच होतं. सत्तर मुलांना ‘त्याला मदत करा’ सांगितलं म्हणजे कोणालाच सांगितलं नाही. मग होतं असं की एक सालस मुलगी सगळं अंगावर घेते, नोट्स तीच, वाचन तीच, ऑफिसात सोबत तीच. ऑक्टोबरपर्यंत ती थकते, तिला स्वतःचा अभ्यास असतो, ती आजारी पडली की याचं सगळं ठप्प. तिला नाही म्हणायची लाज वाटते आणि याला मागायची. मदतीचा हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण बाहेरून तो फार गोड दिसतो.

तेव्हा कामाचे तुकडे करा आणि नावं लावा. तुकडा इतका लहान हवा की करणाऱ्याला त्याचं ओझं वाटू नये आणि घेणाऱ्याला उपकार. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाकणाऱ्यानं खाली दोन ओळी टाइप करायच्या: अर्ज भरायची शेवटची तारीख, कुठे भरायचा. फोटोतला मजकूर मोबाईलचा टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, सहजी वाचून दाखवत नाही, टाइप केलेला वाचतो. फळ्याचा फोटो काढणाऱ्यानं तो तिरपा नाही, समोरून आणि दिव्याची चकाकी टाळून काढायचा. आठवड्याला एक जण, आळीपाळीनं. हे काम दोघांपुरतं राहत नाही, त्या दिवशी गैरहजर असलेली सगळी मुलं तोच फोटो वापरतात. मला अशीच कामं आवडतात, ज्यात कोणासाठी तरी खास काही केल्याचा वासही येत नाही.

नोट्सच्या बाबतीत मराठी माध्यमात एक मोठी गोची आहे. आपल्याकडे जुन्या नोट्स, प्रश्नसंच, अगदी विभागाची हस्तपुस्तिकासुद्धा श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती भलतीच रोमन अक्षरं असतात. संगणकावर तेच काम करणारा एनव्हीडीए किंवा मोबाईलचा टॉकबॅक लावला की निरर्थक बडबड ऐकू येते. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मात्र नीट वाचलं जातं, आणि मोबाईलच्या कीबोर्डवर मुलं जे मराठी टाइप करतात ते युनिकोडच असतं. म्हणजे तुमच्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला हे काम आजपासून जमतं. एका धड्याचे मुद्दे एकानं टाइप करायचे. दहा जणांत पेपर संपतो.

पुस्तक स्कॅन करून दिलं तर कॉपीराइटची भानगड होईल का, असं मुलं हमखास विचारतात. नाही होत. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलं. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तक सुलभ स्वरूपात आणायला आणि तिच्या अभ्यासासाठी तिला द्यायला त्यात मुभा आहे. ती फाईल ग्रुपवर फिरवायची नाही, एवढं पथ्य. आधी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात बघा, पुस्तक तिथे असेल तर स्कॅन करायचे कष्ट वाचतील.

तुमच्या विषयाचं प्रात्यक्षिक ही खरी कसोटी. स्थलनिर्देशक नकाशा टेबलावर पसरलाय, १:५०,०००चा, सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या फिकट तपकिरी समोच्च रेषा एकमेकींना खेटून. जोडीदार काय करतो? पटपट छेद, म्हणजे त्या रेषांवरून जमिनीच्या चढउताराची आकृती, काढतो आणि म्हणतो, ‘तू टेन्शन घेऊ नको, माझ्यातून उतरवून घे.’ याचं जर्नल पूर्ण, सही मिळाली, डोक्यात काही नाही. आणि जोडीदाराला वाटतं आपण मदत केली. एका भूगोलाच्या वर्गात मी काम वेगळ्या पद्धतीनं वाटून दिलेलं पाहिलं. मुलानं मोबाईलचा कॅमेरा नकाशावर आडवा धरला, झूम केला, रंग उलटे केले. जोडीदाराचं बोट रेषेवरून सरकत होतं आणि तोंडानं चालू होतं, ‘सहाशे चाळीस, सहाशे साठ, इथे तीन रेषा एकदम जवळ आल्या.’ हा लगेच म्हणाला, ‘मग कडा असणार तिथे, नदी कोणत्या बाजूला आहे बघ.’ जोडीदार थांबला. त्याला आकडे दिसत होते, पण कडा दिसला नव्हता. आलेख कागदाच्या बारीक रेघांऐवजी जाड काळ्या रेघांचा कागद छापून घेतला होता, छेद मुलानंच काढला. थोडा ओबडधोबड होता, पण त्याचा होता.

मला हवी असलेली वृत्ती अशा ठिकाणी तयार होते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टनं १९५४ मध्येच मांडलं होतं की नुसतं एकत्र बसवून पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचं स्थान हवं, काम सामाईक हवं, एकमेकांवाचून अडायला हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. गटप्रकल्पात अल्पदृष्टीच्या मुलाला ‘तू फक्त सादरीकरणाला उभा राहा’ म्हणतात, तिथे यातलं काहीच नसतं. प्रकल्पाचं काम वाटताना त्याच्या नावापुढे गुण मिळण्याजोगं काम आहे की नाही, हे तुम्ही तपासा. मुलाखती घेणं, माहितीची मांडणी करणं, मसुदा लिहिणं, यातलं काहीही त्याला जमतं. नकाशाला रंग देणं त्याच्यावर सोडू नका म्हणजे झालं.

सोबत चालण्याबद्दल थोडक्यात. दंड पकडून ओढायचं नाही, आपला कोपर पुढे करायचा. ती धरेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल. जिना आला की ‘वर’ की ‘खाली’ ते सांगायचं. ‘इथे, तिथे, तिकडे’ हे शब्द कुचकामी, ‘तुझ्या डाव्या हाताला’ म्हणायचं. मुलामुलींमध्ये संकोच असेल, आणि तालुक्याच्या गावात तो असतोच, तर सॅकचा पट्टा धरला तरी भागतं. आणि आधी विचारायचं. नको म्हणाली तर नको. एकदा नकार मिळाला की ‘एवढं करायला गेलो तर हे’ म्हणून मुलं दुखावतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं, तोंड फुगवायचं नाही.

आता कडवट भाग. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं एमपीएससीची स्वप्नं बघत असतील. त्यांच्या मनात ‘याला पाच टक्के, वर तासाला वीस मिनिटं जास्त’ हे सलतंच. उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा कलम ३२ प्रमाणे, सरकारी नोकरीत ४ टक्के कलम ३४ प्रमाणे आणि त्यातला १ टक्का अंध व अल्पदृष्टी मिळून सगळ्यांसाठी. हे आकडे लपवू नका, सांगा. तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तो कशासाठी, हे पटवायला एक सोपा प्रयोग करा. प्रत्येकानं वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाचा फोटो काढायचा, पडद्यावर एका वेळी दोनच शब्द मावतील इतका झूम करायचा, आणि पहिला परिच्छेद बोटानं सरकवत वाचायचा. घड्याळ लावा. ओळ संपल्यावर पुढच्या ओळीची सुरुवात शोधतानाच बहुतेकांची दमछाक होते. हीसुद्धा नक्कलच नाही का, असं कोणी विचारेल. माझ्या मते नाही. इथे कोणी आंधळं होऊन बघत नाही. भिंग वापरून वाचायला किती वेळ लागतो, तेवढंच मोजलं जातं, आणि दया यायच्या आत हिशेब पटतो.

परीक्षेत रायटर, म्हणजे सांगितलेली उत्तरं लिहून देणारा, घ्यायलाच हवा असं नाही. लिहिता येणाऱ्या अल्पदृष्टीच्या मुलांनाही रायटर घ्यायला लावतात, कारण ऑफिसला ते सोपं पडतं. मुलाला विचारा. त्याला मोठ्या टाइपातली प्रश्नपत्रिका, टेबलावर दिवा, जाड पेन आणि जादा वेळ एवढ्यात भागत असेल तर तसा अर्ज वेळेत पाठवा. मुलीला मोठा टाइप नको, भरपूर उजेडाची जागा हवी, आणि पेपर संध्याकाळी सुटत असेल तर सोबत. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ४० टक्के नाहीत म्हणून सगळं नाकारलं जातं, अशा वेळी सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा निकाल परीक्षा विभागापुढे ठेवा. रायटरची सोय ४० टक्क्यांच्या मर्यादेशी बांधता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

रायटर हवाच असेल तर तो कोणी व्हायचं, हे पेपरच्या आदल्या रात्री ठरवू नका. २०१८ च्या सूचनांप्रमाणे स्वतः आणलेला रायटर परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालच्या पात्रतेचा असावा लागे, त्यामुळे वर्गमित्र चालत नसत, खालच्या वर्गातली मुलं शोधावी लागत. तुमच्या विद्यापीठाचं चालू परिपत्रक मात्र बघून घ्या, हे नियम बदलत असतात. रायटरला आधी एकदा सराव द्या. प्रश्न गुणांसकट वाचायचा, सांगितलं तसंच लिहायचं, वाक्य ‘सुधारायचं’ नाही, आणि मुलगा विचार करत गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं. शेवटची गोष्ट अठरा वर्षांच्या मुलांना सगळ्यात जड जाते.

तुम्ही रासेयो बघता म्हणून एक शेवटचं. स्वयंसेवकाच्या वर्षाच्या १२० तासांत हे काम धरावं का? रायटर म्हणून बसणं, स्कॅन केलेल्या पुस्तकाचं मुद्रितशोधन करणं, अनोळखी विद्यार्थ्याला आठवड्याला ठरलेल्या वेळी वाचून दाखवणं, हे जरूर धरा. ती मेहनत आहे. वर्गातल्या मित्राला नोट्स पाठवणं, नाव घेऊन हाक मारणं, स्टँडपर्यंत सोबत जाणं, हे मात्र धरू नका. कोणी त्याचे तास मागायला आला तर हसून परत पाठवा.